१६७ चा आकडा, हुकलेली खुर्ची आणि म्यानमारचा जनरल : मिन आंग लाइंग यांनी निवडणूक का घेतली?

म्यानमारमध्ये २८ डिसेंबर २०२५ ला मतदानाचा पहिला टप्पा होता. देशात ३३० टाउनशिप आहेत, म्हणजे साधारण आपल्या तालुक्यांसारखे भाग. त्यातल्या फक्त १०२ ठिकाणी या टप्प्यात मतदान होतं. बऱ्याच भागांत ते होणारच नव्हतं, कारण तिथे लष्कराचा हुकूम चालत नव्हता.

मग निवडणुकीचा घाट का घातला? त्यासाठी सीनियर जनरल मिन आंग लाइंग यांचा प्रवास बघावा लागतो.

हे जनरल आहेत कोण?

जन्म १९५६ चा, दक्षिणेतल्या दावेईचा. वडील इंजिनिअर. त्यांनी रंगूनमध्ये कायद्याचा अभ्यास केला आणि १९७४ मध्ये, तिसऱ्या प्रयत्नात, लष्करी अकादमीत प्रवेश मिळवला.

नाव झालं २००९ मध्ये. चीन सीमेवरच्या कोकांगमधून त्यांनी तिथल्या सशस्त्र गटाला हुसकावून लावलं. २०११ मध्ये हुकूमशहा थान श्वे पायउतार झाले आणि लष्करप्रमुखपद त्यांना मिळालं.

२०१७ मध्ये रखाईन प्रांतातल्या लष्करी कारवाईमुळे सात लाखांहून जास्त रोहिंग्या बांगलादेशात पळाले. पुढच्याच वर्षी फेसबुकने या जनरलचं अकाउंट काढून टाकलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या अभियोक्त्यांनी त्यांच्याविरोधात अटक वॉरंटची मागणी केली.

१६७ ची भानगड काय?

लष्कराने लिहून घेतलेल्या २००८ च्या राज्यघटनेत संसदेच्या ६६४ पैकी १६६ जागा थेट लष्कराच्या आहेत. राष्ट्राध्यक्ष संसद निवडते. बहुमताला लागतात ३३३. म्हणजे लष्कराच्या जवळच्या यूएसडीपी पक्षाने १६७ जागा जिंकल्या की काम फत्ते.

नोव्हेंबर २०२० च्या निवडणुकीत या पक्षाला मिळाल्या ३३. आंग सान सू ची यांच्या एनएलडीला ३९६.

जुलै २०२१ मध्ये मिन आंग लाइंग ६५ वर्षांचे होणार होते, म्हणजे निवृत्ती. लष्करप्रमुखपद जाणार आणि राष्ट्राध्यक्षपदाचा रस्ता बंद. १ फेब्रुवारी २०२१ ला त्यांनी सत्ता ताब्यात घेतली. लष्कराने कारण दिलं मतदार याद्यांमधल्या घोळाचं. अनेक अभ्यासक मात्र या निवृत्तीकडे बोट दाखवतात. सत्तापालटानंतर निवृत्तीची ती अट काढूनही टाकली गेली.

पुढे काय झालं?

सू ची तुरुंगात गेल्या. एनएलडी पक्ष २०२३ मध्ये बरखास्त झाला. रस्त्यावर उतरलेल्या तरुणांवर गोळ्या चालल्या, तेव्हा त्यातले बरेच जण जंगलात जाऊन सशस्त्र गटांना मिळाले.

ऑक्टोबर २०२३ मध्ये तीन गटांनी मिळून उत्तरेत मोठा हल्ला केला. त्यात तोच कोकांगचा गट होता, ज्याला हुसकावून हे जनरल मोठे झाले होते. जानेवारी २०२४ मध्ये त्या गटाने कोकांगची राजधानी परत घेतली.

सैनिक कमी पडू लागले. फेब्रुवारी २०२४ मध्ये सक्तीची भरती जाहीर झाली : पुरुष १८ ते ३५, स्त्रिया १८ ते २७. पासपोर्टसाठी रांगा लागल्या, कित्येक तरुणांनी थायलंड गाठलं. आपल्याला टिळकांच्या तुरुंगवासामुळे माहीत असलेल्या मंडालेजवळ मार्च २०२५ मध्ये भूकंप झाला. तीन हजारांहून जास्त माणसं गेली, आणि त्यानंतरही लष्कराचे हवाई हल्ले पूर्ण थांबले नाहीत.

मग खुर्ची पक्की होती?

एनएलडी पक्ष मैदानात नव्हता, त्यामुळे १६७ चा आकडा अवघड नव्हता. पण घटनेत एक मेख आहे. गृह, संरक्षण आणि सीमा व्यवहार ही तिन्ही खात्यांचे मंत्री लष्करप्रमुख ठरवतात आणि राष्ट्राध्यक्षाला लष्करप्रमुखपद ठेवता येत नाही. खुर्ची घ्यायची तर फौज दुसऱ्याच्या हातात द्यावी लागते.

म्यानमारमध्ये हे धोक्याचं असतं. १९६२ मध्ये सत्ता बळकावणारे जनरल ने विन २००२ मध्ये नजरकैदेतच वारले. लष्करी सरकारचे पंतप्रधान खिन न्युंट यांना २००४ मध्ये त्यांच्याच लोकांनी हटवलं आणि नजरकैदेत टाकलं.

आपला काय संबंध?

भारताची म्यानमारशी १,६४३ किलोमीटरची सीमा आहे. तिकडून आलेले हजारो निर्वासित मिझोराममध्ये राहतायत. आपण आयात करतो त्या तूर आणि उडदाचा मोठा वाटा म्यानमारमधून येतो.

त्यामुळे निकालात कोण जिंकलं यापेक्षा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा : नवा लष्करप्रमुख कोण? तो जनरलच्या विश्वासातला असेल, तर राष्ट्राध्यक्ष नवा दिसला तरी युद्ध चालवणारी माणसं जुनीच असतील, आणि सक्तीच्या भरतीच्या यादीत नाव असलेल्या १९ वर्षांच्या मुलासाठी काहीच बदललेलं नसेल.