उलट्या आट्यांची गोष्ट

खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो. पाने, पकड, हातोडी, स्क्रू ड्रायव्हर ओळीने मांडून त्यांना गंध लावतो, झेंडूचे फूल वाहतो आणि दुसऱ्या दिवशी सारे पुन्हा त्याच गंजक्या पेटीत टाकतो. पुढे दिवाळीत गाडी बाहेर काढायची वेळ आली, की पेटीची आठवण होते. नेमका हवा तो पाना तिच्यात नसतो आणि गृहस्थ म्हणतात, “बघू या, जोर लावून निघतो का!”

हे वाक्य मी प्रथम ऐकले ते नांदुऱ्याला, १९६८ साली. मी बारा वर्षांचा होतो आणि सुट्टीत मामांकडे गेलो होतो. आज महामार्गाने जाणाऱ्याला नांदुरा म्हटले की १०५ फुटी हनुमान आठवतो. तेव्हा तो नव्हता. रेल्वेचे स्टेशन, बाजार आणि कापसाच्या गाड्या, एवढीच माझी नांदुऱ्याची ओळख. मामांनी नुकतीच एक जुनी प्लिमथ घेतली होती. क्रायस्लर या अमेरिकन कंपनीच्या या गाड्यांची जुळणी आपल्याकडे कुर्ल्याला, वालचंद हिराचंदांनी काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये होत असे. मामांना तिचा मोठा अभिमान. रोज सकाळी स्वतःच्या धोतराने ते तिची काच पुसत.

मामींचे दिवस भरले होते. एका रात्री दोनच्या सुमारास कळा सुरू झाल्या. सुईण म्हणाली, “मूल आडवं आहे, खामगावला न्या.” मामा धावत गाडीपाशी गेले, तो मागचे डावे चाक बसलेले! स्टेपनी होती, जॅक होता, चाकाचा पानाही होता. मामा अंगाने पैलवान. त्यांनी पाना अडकवून रोजच्या सवयीने, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट, जोर लावला. बोल्ट हलेना. मग ते पान्यावर चढून उभे राहिले. कडकन आवाज झाला. मामांना वाटले, सुटला. पण तो तुटला होता. दुसऱ्याचीही तीच गत झाली. आत मामी कण्हत होत्या आणि हातात कंदील धरून मी लटलट कापत होतो.

गडबड ऐकून शेजारचे म्हातारे फिटर आले. त्यांचे सारे आयुष्य जिनिंगच्या यंत्रांत गेलेले. त्यांनी माझ्या हातचा कंदील घेतला, वाकले आणि नखाने बोल्टच्या डोक्यावरचा चिखल खरवडला. “भाऊसाहेब, जोर कायले लावता? पयले पाहा त खरं, आटे कोन्या बाजूचे हायेत थे!” डोक्यावर इंग्रजी ‘एल’ कोरलेले होते. त्यांनी पाना उजवीकडे ओढला आणि उरलेले तिन्ही बोल्ट मुकाट्याने सुटले. तीन बोल्टांवर चाक चढवून, बैलगाडीच्या चालीने आम्ही खामगाव गाठले. पहाटे मुलगी झाली. मामी सुखरूप राहिल्या. ती मुलगी आज पुण्यात आजी झाली आहे.

हे उलटे आटे म्हणजे कुणाचा खोडसाळपणा नव्हे. गाडी पुढे धावताना डाव्या बाजूचे चाक ज्या दिशेला फिरते, त्या दिशेला साधा बोल्ट हळूहळू सैल होईल, अशी भीती होती. म्हणून क्रायस्लरवाले डाव्या चाकांना उलटे आटे देत. ही पद्धत त्यांनी १९७० नंतरच्या काही वर्षांत सोडली. पण सायकलचे डावे पायडल आजही उलट्या आट्याचेच असते. वेल्डिंगच्या ॲसिटिलिनच्या जोडांनाही उलटे आटे असतात. तेथे हेतू हा, की ऑक्सिजनची नळी चुकूनही तेथे बसू नये.

तात्पर्य, विचित्र बोल्टमागे बहुधा कारण असते. ते ओळखले की अर्धे काम झाले.

दुसरा घोटाळा मापांचा. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज कारागिराने आट्यांची प्रमाणे सुचवली. त्याच्या पद्धतीत पान्यावरचा आकडा बोल्टच्या दांड्याची जाडी सांगतो, डोक्याची रुंदी नव्हे! आपल्याकडे अँबॅसडरच्या जुन्या इंजिनाला इंची पाने लागत, तर फियाटला मिलिमीटरचे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्या डोक्यावर १३ चा पाना बसतो खरा, पण सैल बसतो आणि जोर लावताच कोपरे गोल होतात. उलट पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, तेथे १९ चा पाना बहुधा निभावून नेतो.

नव्या गाड्यांत सहा पाकळ्यांच्या चांदणीसारख्या खाचेचे स्क्रू दिसतात. हे टॉर्क्स, १९६७ साली निघालेले. साध्या फुलीच्या स्क्रूतून जोर वाढताच ड्रायव्हर वर उसळतो. चांदणीतून तो तसा उसळत नाही. पण तिच्यात ॲलन की किंवा चपटा स्क्रू ड्रायव्हर कोंबलात, तर पाकळ्या गेल्याच म्हणून समजा. काहींच्या मध्ये टाचणीएवढा खुंट असतो. त्यासाठी टोकाला भोक असलेलाच ड्रायव्हर लागतो.

आता घरच्या घरी काय करावे? आधी डोके तारेच्या ब्रशाने स्वच्छ करा. गंजलेल्या बोल्टवर गंज सोडवणारे तेल सोडून रात्रभर थांबा. बारा कोपऱ्यांच्या पान्यापेक्षा सहा कोपऱ्यांचा बॉक्स पाना घ्या. तो डोक्याला सपाट बाजूंनी धरतो. बिनडोक्याचा स्टड काढायचा असेल, तर त्यावर दोन नट चढवून एकमेकांवर घट्ट आवळा आणि आतल्या नटाला पाना लावून फिरवा. स्टड बाहेर येईल. काढलेले बोल्ट पुठ्ठ्याला भोके पाडून त्याच क्रमाने खोचून ठेवा. एखादा खास पाना एकदाच लागणार असेल, तर ओळखीच्या मिस्त्रीकडून मागून आणा. त्यात कमीपणा नाही. वारंवार लागणार असेल, तर विकतच घ्या. तुटलेला बोल्ट कोरून काढण्याची मजुरी पुष्कळदा पान्याच्या किमतीहून अधिक पडते.

आणि काही ठिकाणी हात आवरावा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नये. पेट्रोलच्या नळ्यांजवळ बोल्ट तापवू नये. दाबलेल्या स्प्रिंगा, ब्रेक आणि एअरबॅग ही कामे जाणत्या माणसाकडेच द्यावीत.

म्हाताऱ्या फिटरांनी मामांकडून पैसे घेतले नाहीत. बारशाला मात्र मुद्दाम येऊन ते दोन पंगती वाढून गेले. मामांनी दुसऱ्याच दिवशी डाव्या बाजूच्या दोन्ही चाकांवर तांबड्या रंगाने ठळक अक्षरांत ‘उलटे’ असे लिहून टाकले. पुढे गाडी विकली, तेव्हाही ती अक्षरे तशीच होती. घेणाऱ्याने विचारले, “हे काय?” मामा म्हणाले, “रात्री दोन वाजता कळेल!” आणि मग त्याला बसवून, चहा देऊन, सारी गोष्ट पहिल्यापासून सांगितली.