संशोधनाचा निधी रुग्णाच्या गावी यावा

नगर-मनमाड रस्त्यावर दुचाकी घसरून डोक्याला मार लागलेला तरुण. कोपीत जमिनीवर झोपलेला असताना मण्यार चावलेला ऊसतोड मजूर. पेरूच्या बागेत फवारणी करता करता भोवळ येऊन पडलेला शेतकरी. पहाटे उठताना एक बाजू लुळी पडलेली आजी. शाळेत फिट आल्यापासून घरीच बसवलेली मुलगी. राहाता तालुक्यात चार वर्षे दवाखाना चालवलेल्या कोणत्याही डॉक्टरला विचारा, हे पाचही रुग्ण त्याच्या ओळखीचे निघतील. पाचांचे दुखणे मेंदूचे आणि मज्जासंस्थेचे आहे. असे रुग्ण तालुक्यात किती, त्यांतले किती वेळेत रुग्णालयात पोचतात, जे पोचत नाहीत ते नेमके कुठे अडतात आणि गावपातळीवर काय केले तर त्यांचा जीव किंवा हात-पाय वाचतील, या प्रश्नांची उत्तरे दिल्लीत बसून मिळणार नाहीत. त्यासाठी इथे, याच गावांमध्ये, वर्षानुवर्षे चालणारे संशोधन हवे आणि त्यासाठी सरकारी निधी हवा. तो निधी आहे. तो तालुक्यापर्यंत यावा, यासाठी सरकारने आणि इथल्या संस्थांनीही काही गोष्टी तातडीने केल्या पाहिजेत, असे आमचे ठाम मत आहे.

प्रश्न किती मोठा आहे ते आधी पाहू. भारतातील मज्जासंस्थेच्या आजारांचा राज्यवार अभ्यास २०२१ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. देशाच्या एकूण आजारभारात मज्जासंस्थेच्या असंसर्गजन्य विकारांचा वाटा १९९० मध्ये ४ टक्के होता. २०१९ पर्यंत तो ८.२ टक्क्यांवर, म्हणजे दुपटीहून वर गेला. २०१९ या एका वर्षात पक्षाघाताने देशात सुमारे ७ लाख माणसे दगावली. अपस्माराचे, म्हणजे फिट येण्याचे रुग्ण देशात १ कोटीहून अधिक आहेत. यातल्या अनेकांना रोजच्या स्वस्त गोळ्यांनी बरे राहता येते. तरीही गावागावांत फिट आलेल्या माणसाच्या नाकाला आजही कांदा आणि चप्पल लावली जाते आणि मुलीला फिट येते हे लग्न ठरेपर्यंत लपवले जाते. औषध असूनही ते रुग्णाला का मिळत नाही, हा प्रश्नही संशोधनाचाच आहे. प्रयोगशाळेतल्या संशोधनाइतकेच त्याचे मोल आहे.

गावात राहून केलेले संशोधन काय दाखवू शकते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. अमेरिकेत मेंदूविकारांचे शिक्षण घेऊन परतलेले डॉ. योगेश्वर काळकोंडे यांनी गडचिरोलीतील ‘सर्च’ संस्थेतून ८६ गावांतील मृत्यूंचा दोन वर्षे पाठपुरावा केला. त्या गावांत सर्वाधिक मृत्यू पक्षाघाताने होत होते; दर सात मृत्यूंमागे एक पक्षाघाताचा होता आणि त्यांतले बहुतेक घरीच झाले होते. लकवा हा शहरातल्या सुखवस्तूंचा आजार, हा समज २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने मोडीत काढला. केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनमधील वेलकम ट्रस्ट यांच्या संयुक्त ‘इंडिया अलायन्स’ने या कामाला पुढे पाठ्यवृत्तीचे बळ दिले. सरकारी पैसा योग्य प्रश्नापर्यंत पोचला, तर एका आदिवासी जिल्ह्यातून देशाच्या आरोग्यधोरणाला दिशा मिळते.

दुसरे उदाहरण रायगड जिल्ह्यातले. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने माणसे आणि विशेषतः लहान मुले दगावत. विषाने स्वयंचलित मज्जासंस्था खवळते, रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी होते, हे त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदवले. रक्तदाबावरच्या प्राझोसिन या साध्या गोळीचा उपचार त्यांनी रुजवला, ‘लॅन्सेट’मध्ये मांडला आणि हे मृत्यू नगण्य पातळीवर आले. हे काम मोठ्या अनुदानाच्या आधारावर झालेले नाही. त्याचा अभिमान बाळगावा तेवढा थोडाच. पण एका डॉक्टरच्या त्यागावर कोणत्याही देशाचे संशोधन चालू शकत नाही. बिरवाडीसारख्या शंभर केंद्रांतल्या डॉक्टरांना नोंदी ठेवायला एक माणूस, तपासणीला एक प्रयोगशाळा आणि मार्गदर्शनाला एक संशोधक मिळाला असता, तर आणखी किती उपचार सापडले असते, याचा विचार धोरणकर्त्यांनी करायला हवा.

निधीचे मार्ग अनेक आहेत. १९११ मध्ये ‘इंडियन रिसर्च फंड असोसिएशन’ म्हणून सुरू झालेली आणि १९४९ पासून आजचे नाव धारण केलेली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, आपल्या संस्थांबाहेरच्या संशोधकांनाही प्रकल्प अनुदान देते. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना संशोधनाची गोडी लागावी म्हणून तिची अल्पकालीन विद्यार्थी पाठ्यवृत्ती १९७९ पासून चालू आहे. २००७ मध्ये स्थापन झालेला आरोग्य संशोधन विभाग, जैवतंत्रज्ञान विभाग आणि २०२३ च्या कायद्याने आलेले अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान हे आणखी तीन दरवाजे. या प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये उभे करण्याचा संकल्प आहे. त्यातला मोठा भाग उद्योग आणि देणगीदारांकडून यायचा आहे. तरीही देश संशोधनावर सकल उत्पादनाच्या जेमतेम ०.६४ टक्के खर्च करतो. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात आरोग्य मंत्रालयाला सुमारे १ लाख कोटी मिळाले, त्यात आरोग्य संशोधन विभागाच्या वाट्याला आले सुमारे ३,९०० कोटी. ही रक्कम वाढलीच पाहिजे. पण आहे ती रक्कम कोणाच्या ओंजळीत पडते, हाही तितकाच महत्त्वाचा प्रश्न आहे.

प्रवरेच्या कालव्यावर टेलच्या शेतकऱ्याचे जे होते, तेच संशोधन निधीत ग्रामीण संस्थांचे होते: आवर्तन सुटते, पण वरच्या चाऱ्या भरेपर्यंत खाली पाणी पोचत नाही. अनुदान मिळवायला आधीची अनुदाने आणि आधीचे शोधनिबंध दाखवावे लागतात. ते नसतील तर पहिले अनुदान मिळणे अवघड. वैद्यकीय महाविद्यालयांत संशोधन प्रयोगशाळा उभारणारी केंद्राची बहुविद्याशाखीय संशोधन केंद्रांची योजना सरकारी महाविद्यालयांसाठी आहे. बिगरसरकारी संस्थांना आयसीएमआरच्या अनुदानासाठी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची मान्यता लागते. २०१९ च्या नियमांप्रमाणे मानवी आरोग्यावरच्या संशोधनासाठी नोंदणीकृत नैतिकता समिती लागते, आणि ती लागलीच पाहिजे. पण ही सगळी कागदपत्रे सांभाळायला महानगरातल्या संस्थेत स्वतंत्र कक्ष असतो. ग्रामीण महाविद्यालयातल्या प्राध्यापकाला ओपीडी, वॉर्ड, व्याख्याने आणि परीक्षा उरकून रात्री हे अर्ज भरावे लागतात. त्यातून अनुदान मंजूर झालेच, तर दुसरा हप्ता लांबला की नेमलेली परिचारिका किंवा क्षेत्रसहायक सोडून जातो आणि गावातल्या नोंदी अर्ध्यावर तुटतात.

राहाता तालुक्याला मात्र शून्यापासून सुरुवात करायची नाही. लोणीला १९८४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि २००३ पासून प्रवरा आयुर्विज्ञान संस्था हे अभिमत विद्यापीठ आहे. शिर्डीत साईबाबा संस्थानची रुग्णालये आहेत. तिथे राज्याच्या कानाकोपऱ्यांतून रुग्ण येतात. भोवती प्राथमिक आरोग्य केंद्रांचे जाळे आहे, घरोघरी ओळख असलेल्या आशाताई आहेत. रुग्ण, रुग्णालय आणि गावे एकमेकांच्या इतकी जवळ असणे ही संशोधकाच्या दृष्टीने फार मोठी संपत्ती आहे. मुंबईतल्या रुग्णालयातून घरी गेलेला पक्षाघाताचा रुग्ण सहा महिन्यांनी शोधायचा म्हटले तर कठीण. लोणीहून परतलेला रुग्ण अस्तगावात किंवा बाभळेश्वरात असला, तर त्याच्या ओट्यावर जाऊन त्याची विचारपूस करता येते.

मग करायचे काय? पालघर जिल्ह्यात डहाणू येथे आरोग्य संशोधन विभागाचे आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे. मुंबईतील आयसीएमआरची संस्था त्याला मार्गदर्शन करते आणि सर्पदंशासारख्या खऱ्याखुऱ्या ग्रामीण प्रश्नावर तिथे काम झाले आहे. असे केंद्र अहिल्यानगर जिल्ह्यातही हवे, ते राहात्यात हवे आणि मेंदू व मज्जासंस्थेचे आजार हा त्याचा मुख्य विषय हवा. सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा आराखडा केंद्राने २०२४ मध्ये जाहीर केला आहे. उसाचा हा पट्टा त्या कामापासून दूर राहता कामा नये. दुसरी मागणी अनुदानातील राखीव वाट्याची. अमेरिकेत राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा निधी ठरावीक राज्यांतच जातो हे दिसल्यावर १९९३ मध्ये कमी निधी मिळणाऱ्या राज्यांसाठी वेगळा कार्यक्रम सुरू झाला. आज २३ राज्यांना त्याचा लाभ मिळतो. गुणवत्तेची स्पर्धा तिथेही होतेच, पण ती सारख्या परिस्थितीतल्या संस्थांमध्ये होते. आयसीएमआर आणि अनुसंधान प्रतिष्ठान यांनी ग्रामीण वैद्यकीय संस्थांसाठी, त्या सरकारी असोत वा बिगरसरकारी, अशी स्वतंत्र तरतूद करावी. सार्वजनिक पैसा बिगरसरकारी संस्थेत जातो म्हणून हिशेब आणि निष्कर्ष दोन्ही जाहीर करण्याची सक्तीही असावी. तिसरी मागणी साधी आहे: हप्ते वेळेवर द्या.

संस्थांनीही आपला वाटा उचलायला हवा. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात अर्ज, हिशेब आणि नैतिकता समितीचे काम पाहणारा पूर्णवेळ संशोधन कक्ष असावा. तरुण अध्यापकांना आठवड्यातला एक दिवस संशोधनासाठी राखून द्यावा आणि पहिल्या छोट्या अभ्यासासाठी संस्थेनेच बीजनिधी द्यावा. पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंध कपाटात बंद होतात; त्यांचे विषय तालुक्याच्या प्रश्नांशी जोडले, तर दहा वर्षांत फवारणीची विषबाधा, डोक्याच्या दुखापती आणि अपस्मार यांची अशी नोंदवही तयार होईल जी कोणत्याही निवड समितीपुढे ठेवता येईल.

प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर पुरेसे नाहीत, औषधे संपतात, तिथे संशोधनाची चैन कशाला, असे काही जण विचारतील. त्यांची तळमळ खरी आहे, पण या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या स्त्रियांना नवजात बाळाची घरीच काळजी घ्यायला शिकवले. तिथला बालमृत्यू किती घटला हे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये सिद्ध करून दाखवले आणि २०११ मध्ये ती पद्धत आशांमार्फत देशभर गेली. डॉक्टर कमी असताना काय करता येईल, हेच त्या संशोधनाने शोधले. अपुऱ्या साधनांच्या भागाला संशोधनाची गरज अधिक असते, कारण तिथे चुकीच्या ठिकाणी खर्च केलेला एक रुपयाही परवडत नाही.

मात्र गावकरी हे अभ्यासाचे केवळ नमुने ठरू नयेत. संमतिपत्र त्यांना कळेल अशा मराठीत असावे, नकार देणाऱ्याच्या उपचारात तसूभरही फरक पडू नये आणि अभ्यासातून जे निघाले ते इंग्रजी नियतकालिकात छापण्याबरोबरच ग्रामसभेतही सांगितले जावे. रक्त आणि माहिती देणाऱ्या गावाचा निष्कर्षावर पहिला हक्क आहे.

याच मातीत १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी आपले भागभांडवल गोळा केले, त्याला बाहेरचे अर्थबळ जोडून घेतले आणि सहकारी साखर कारखाना उभा केला. आधी आपली तयारी आणि मग हक्काची मागणी, हा त्या पिढीचा रिवाज होता. तोच आता आरोग्य संशोधनाला लावायला हवा. जिल्ह्याच्या खासदार-आमदारांनी ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्राचा प्रस्ताव येत्या अर्थसंकल्पापूर्वी केंद्राकडे न्यावा. लोणी आणि शिर्डीतील संस्थांनी, तसेच जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने एकत्र बसून त्यासाठी जागा, मनुष्यबळ आणि पहिल्या पाच वर्षांचे विषय आजच लिहून द्यावेत. पक्ष आणि गट बाजूला ठेवून हे एवढे झाले, तर नाही म्हणण्याचे सबळ कारण दिल्लीकडे उरणार नाही.