सत्तर गुणांचा न्याय

साहित्यविषयक त्रैमासिकात व्हिडिओ गेमची चर्चा कशासाठी, असा प्रश्न आमच्या काही ज्येष्ठ वाचकांना पडेल. पांढुर्णा-सौंसर भागातील जुन्या मराठी घराण्यांत नाटक, कीर्तन आणि भजन यांची गोडी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पडद्यावरचा खेळ म्हणजे मुलांचा वेळ आणि डोळे खाणारा उद्योग, एवढीच त्याची आमच्या घरांतून ओळख. परंतु ज्यात कथा आहे, चित्र आहे, संगीत आहे आणि ज्यासाठी माणसे आयुष्याची पाच-पाच वर्षे खर्ची घालतात, ती कृती आहे. आणि कृती म्हटली की तिचे परीक्षण आले. ते परीक्षण आज कसे होते, हा आमचा विषय. मध्यम प्रतीच्या खेळाला एक आकडा चिकटवून मोकळे होण्याची जी रीत या क्षेत्रात रूढ झाली आहे, ती समीक्षा नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ही रीत खेळांपुरती राहिलेली नाही, म्हणून तिच्याविरुद्ध येथे लिहिणे आम्ही कर्तव्य मानतो.

उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातले घेऊ. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या लहानशा संस्थेने ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ तयार केला. तो ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेन्डो स्विच या यंत्रासाठी आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संगणक व इतर यंत्रांसाठी प्रसिद्ध झाला. राजी ही कसरती करणारी मुलगी. राखीपौर्णिमेच्या जत्रेत असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि महाबलासुराच्या तावडीतून त्याला सोडवण्यासाठी ती निघते. तिची कथा सांगतात दुर्गा आणि विष्णू. महालांची धाटणी राजस्थानी, रंगकामावर पहाडी चित्रशैलीची छाया, आणि मधले कथाभाग छाया-बाहुल्यांच्या खेळातून उलगडणारे. या खेळासाठी मागितलेली लोकवर्गणी अपुरी पडली, तेव्हा संस्थापकांपैकी श्रुती घोष यांनी आपली सदनिका विकून काम चालू ठेवले. ‘द गेम अवॉर्ड्स’ या आंतरराष्ट्रीय पुरस्कारांत २०२० साली पदार्पणातील उत्तम स्वतंत्र खेळाच्या गटात त्याला नामांकनही मिळाले.

समीक्षकांनी काय म्हटले? चित्रे, वास्तुरचना आणि संगीत यांची बहुतेकांनी स्तुती केली. दोषही दाखवले. लढाई काही वेळाने एकसुरी होते, काही ठिकाणी उड्या मारताना नेम चुकतो, खेळ चार-सहा तासांत संपतो आणि शेवट तुटल्यासारखा वाटतो. हे दोष खरे आहेत आणि ते सांगणाऱ्यांवर आमचा राग नाही. दोष न सांगणारा समीक्षक आम्हांला मुळीच नको आहे. आमची तक्रार पुढच्या पायरीवर सुरू होते. एवढे सगळे लिहून झाल्यावर समीक्षकाने खाली एक आकडा लिहिला. कोणी आठ दिले, कोणी सहा. मग त्या सर्वांची सरासरी निघाली, ती सत्तरच्या आसपास. त्यानंतर ‘राजी’विषयी जगाला जे सांगितले गेले, ते या सरासरीनेच.

ही सरासरी काढणारे सर्वांत नामांकित स्थळ म्हणजे २००१ मध्ये सुरू झालेले ‘मेटाक्रिटिक’. अनेक नियतकालिकांचे गुण शंभरपैकी करून ते एकत्र करते. कोणत्या नियतकालिकाला किती वजन द्यायचे, हे मात्र ते जाहीर करत नाही. आलेल्या आकड्याला ते रंग देते, आणि या रंगांतच सारी मौज आहे. चित्रपटाला ६१ गुण मिळाले की पाटी हिरवी होते, म्हणजे मत अनुकूल. व्हिडिओ गेमला मात्र हिरव्या पाटीसाठी ७५ लागतात. ५० ते ७४ पर्यंत पाटी पिवळी आणि शेरा ‘मिश्र अथवा सामान्य’. म्हणजे ज्या सत्तर गुणांवर चित्रपट उजळ माथ्याने मिरवतो, त्याच सत्तर गुणांवर खेळ मान खाली घालतो. आपल्या शाळा-महाविद्यालयांत साठ गुणांना प्रथम श्रेणी देतात. येथे सत्तर गुणांचा विद्यार्थी नापास नाही, पण नापासाच्या शेजारच्या बाकावर बसवलेला. असे का, याचे एकच उत्तर आम्हांला दिसते. खेळांना सात-आठ गुण देण्याची समीक्षकांना इतकी सवय झाली, की पट्टीचा खालचा अर्धा भाग वापरातूनच गेला आणि ‘बरा’ या शब्दाचा अर्थ ‘नको’ असा झाला.

हा केवळ मानापमानाचा प्रश्न असता, तर आम्ही लेखणी उचलली नसती. या आकड्यांवर माणसांची भाकरी अवलंबून असते. ‘फॉलआउट : न्यू वेगास’ हा खेळ २०१० मध्ये अमेरिकेतील ‘ऑब्सिडियन’ या संस्थेने ‘बेथेस्डा’ या प्रकाशकासाठी केला. मेटाक्रिटिकवर ८५ गुण मिळाले तरच निर्मात्यांना जादा मोबदला मिळेल, असे ठरले होते. गुण मिळाले ८४. एका गुणाने मोबदला गेला, हे त्या संस्थेतील ज्येष्ठ रचनाकार ख्रिस अव्हेलोन यांनी २०१२ मध्ये स्वतःच सांगितले. तोच खेळ आज त्या दशकातील संस्मरणीय खेळांत गणला जातो. ज्या समीक्षकाने नऊऐवजी आठ लिहिले, त्याला आपल्या पेनाच्या एका फरकाट्याने काय होणार आहे, याची कल्पनाही नसेल. कल्पना नसणे हाच तर या पद्धतीचा दोष आहे.

शासकीय सेवेत हयात घालवलेल्या आमच्यासारख्यांना हे गणित नवे नाही. वार्षिक गोपनीय अहवालात ‘उत्कृष्ट’, ‘बहुत अच्छा’, ‘अच्छा’, ‘साधारण’ अशा पायऱ्या असत. ‘अच्छा’ हा शेरा वाचायला गोड. पण पदोन्नतीची अट ‘बहुत अच्छा’ असेल, तर तोच शेरा माणसाचा मार्ग अडवी. प्रतिकूल शेरा संबंधितास कळवावा लागे, ‘अच्छा’ मात्र प्रतिकूल मानला जात नसे, म्हणून कळवलाही जात नसे. अखेर देवदत्त विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये निर्णय दिला, की प्रत्येक शेरा संबंधितास कळवलाच पाहिजे. कारण शेरा प्रतिकूल आहे की नाही, हे त्याच्या शब्दावरून न ठरता त्याच्या परिणामावरून ठरते. या एका निर्णयातला विवेक समीक्षकांनी आत्मसात केला, तरी आमचे अर्धे काम होईल. ‘मध्यम’ म्हणताना आपण काय परिणाम घडवतो, याचा विचार ‘मध्यम’ म्हणणाऱ्याने केला पाहिजे.

यावर प्रतिपक्ष म्हणेल, की ग्राहकाजवळ वेळ थोडा आणि पैसा मोजका; त्याला लांबलचक लेख नको, कौल हवा. या म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच ब्रिटनच्या ‘युरोगेमर’ने २०१५ मध्ये गुण देणे बंद केले आणि २०२३ मध्ये पाच ताऱ्यांच्या रूपाने पुन्हा सुरू केले. परंतु आकडा ग्राहकाला खरोखर काय सांगतो? ‘राजी’चे सत्तर गुण हे सांगत नाहीत, की चित्रकलेची आवड असलेल्या आणि दोन संध्याकाळी मोकळ्या असलेल्या माणसाला हा खेळ आनंद देईल, आणि कठीण लढाईची हौस असलेल्याला कंटाळा आणील. ही दोन वाक्ये वाचायला जितका वेळ लागतो, तितकाही वेळ नसलेल्या ग्राहकाजवळ चार तासांचा खेळ खेळायला वेळ कुठून येणार?

दुसरा प्रतिपक्ष आपल्या घरातलाच आहे, आणि त्याला उत्तर देणे अधिक अवघड. तो म्हणतो, खेळ आपला, देवदेवता आपल्या, मग परक्यांनी गुण कापले तरी आपण शंभर द्यावेत. आम्हांला हे मुळीच मान्य नाही. अशा कौतुकाची चव सीमेपलीकडच्या मराठी माणसाने पुरेपूर चाखली आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांच्या सीमा बदलल्या, नागपूर त्या बाजूला गेले आणि आपण या बाजूला राहिलो. तेव्हापासून इकडच्या लेखकाचे पुस्तक तिकडे गेले, की दोन ओळींचा अभिप्राय ठरलेला : ‘परप्रांतात राहून मराठी जपण्याचा स्तुत्य प्रयत्न’. पुस्तकात काय आहे, कोणते प्रकरण साधले, कोणते फसले, यावर एक अक्षर नाही. ‘स्तुत्य प्रयत्न’ हाही एक सत्तर गुणांचाच शेरा आहे, फक्त त्यावर हार घातलेला. ‘राजी’च्या वाट्याला आलेले ‘भारतीयांनी केले हे विशेष’ हे कौतुक त्याच जातीचे. पाठीवर थाप मारणाऱ्याने कृती पाहिलेली असतेच असे नाही.

मग मध्यम कृतीचे करावे काय? आमच्या संत्र्याच्या बागांत प्रतवारी करताना सर्वांत मोठा ढीग नेहमी मधल्या फळाचा असतो, आणि बागेचा वर्षाचा खर्च त्याच ढिगातून निघतो. कोणत्याही कलेचे असेच आहे. दोन-चार शिखरांवर कला जगत नाही. मधल्या कृतींत हात घडतात, चुका कळतात, पुढच्या कृतीची तयारी होते. ‘विविधज्ञानविस्तार’सारख्या मासिकांनी, श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांसारख्या टीकाकारांनी आपल्याकडे ग्रंथ-नाटकांची पानेच्या पाने परीक्षणे लिहिली. ती कठोर असत. पण कोणता प्रवेश का पडला, हे लेखकाला त्यातून कळत असे. कठोर परीक्षणातून लेखक शिकू शकतो. सहा किंवा सात या आकड्यातून काय शिकणार?

‘राजी’चेच पुढे काय झाले, ते पाहा. २०२२ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. लढाईत सुधारणा झाली, कथाभाग नव्याने केले गेले आणि संवाद हिंदीतही आले. समीक्षकांनी शब्दांत जे दोष दाखवले होते, त्यांतील काहींचे निराकरण झाले. आकडा मात्र जागचा हलला नाही. कारण समीक्षकाने पहिल्यांदा दिलेला गुणच धरायचा, नंतर त्याने तो बदलला तरी घ्यायचा नाही, असा मेटाक्रिटिकचा नियम आहे. शब्दांनी काम केले, आकडा नुसता बसून राहिला. समीक्षेत उपयोगी काय आणि निरुपयोगी काय, याचा याहून स्वच्छ पुरावा आम्हांला नको.

म्हणून आमची मागणी साधी आहे. परीक्षण खेळाचे असो, नाटकाचे असो वा या त्रैमासिकात येणाऱ्या पुस्तक-परिचयातले असो, लिहिणाऱ्याने तीन गोष्टी सांगाव्यात. कृती काय करू पाहते. ते तिला कोठे साधले आणि कोठे नाही. आणि ती कोणाच्या उपयोगाची आहे. दोष असा सांगावा, की कर्त्याला तो दुरुस्त करता येईल. गुण असा सांगावा, की वाचकाला तो शोधता येईल. एवढे लिहून झाल्यावरही कोणाला खाली आकडा लिहावासा वाटलाच, तर त्याने आधी स्वतःला विचारावे, की आपण आत्ता जे लिहिले त्यातले किती या आकड्यात शिल्लक राहिले. उत्तर प्रामाणिकपणे दिले, तर बहुतेक वेळा लेखणी खाली ठेवावी लागेल.