झाकली मूठ आणि उघडी वही

माणसाचं आयकर विवरणपत्र ही त्याची झाकली मूठ. एका सरकारी नोकराच्या प्रकरणात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानेही हेच म्हटले : व्यापक जनहित असल्याशिवाय माहिती अधिकारात ते दुसऱ्याला मिळणार नाही. आम्हांस हे पटते. शेजाऱ्याने किती कर भरला, हा पारावरच्या गप्पांचा विषय नव्हे.

पण हीच ढाल पुढे करून कारखान्याचा हिशेब कुणी झाकू म्हणेल, तर ते चालायचं नाही. तिथला पैसा आपल्या उसाचा आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ नुसार लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, संचालक मंडळाचे इतिवृत्त सभासदाला विनामूल्य पाहता येते. दुसऱ्याच्या घरात डोकावू नये. आपल्या घरची वही मात्र मागून वाचावी.