‘बरं झालं’ कोणी म्हणायचं?

उधना, लिंबायत, डिंडोलीकडे हरिनाम सप्ताहाचा मांडव पडला की सुरतेत खानदेश उतरतो. सकाळी पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. समोर बसलेली माणसं लूमवर, डाइंग मिलमध्ये, कपडा मार्केटात, हिऱ्याच्या कारखान्यात राबणारी. हिऱ्यात आधीपासूनच मंदी होती. २०२५च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावलं तेव्हा कापडवालेही धास्तावले. अशा श्रोत्यांपुढे महाराज तुकोबांचा एक अभंग हमखास घेतात. दिवाळं निघालं ते बरंच झालं, दुष्काळाने छळलं तेही बरं झालं, असं देवाला सांगणारा. विठ्ठलनामाचा गजर होतो. मी मात्र अवघडून बसतो.

तो दुष्काळ १६३० ते ३२चा. तुकोबांच्या देहूला त्याने गाठलं, तसं सुरतेलाही. ईस्ट इंडिया कंपनीचा पीटर मंडी नोव्हेंबर १६३०मध्ये सुरतेहून बऱ्हाणपूरकडे निघाला. व्यारा, नवापूर, नंदुरबार. खानदेशातली पोरं आज कामासाठी ज्या वाटेने सुरत गाठतात तीच वाट, फक्त उलट दिशेने. (नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात आहे, भुकेला तेव्हाही हद्द माहीत नव्हती.) वाटेत जागोजागी पडलेली प्रेतं मंडीने पाहिली आणि लिहून ठेवली. गुजरातेतले विणकर मेले किंवा परागंदा झाले, आणि इथला कापडाचा धंदा पुढे कित्येक वर्षं सावरला नाही.

त्याच काळात देहूच्या वाण्याचं दुकान बसलं. ही हकीकत तुकोबांनी स्वतःच एका अभंगात सांगितली आहे. पैसा आटला, मान गेला, बायको अन्न अन्न करत मेली. स्वतःच्या जगण्याची लाज वाटली, धंद्यात तूट येत गेली. मग मोडकळीला आलेलं देवाचं देऊळ नीट करावं, असं मनात आलं. सुरुवातीला कीर्तन करायचे, एकादशी धरायचे, पण त्यात चित्त नव्हतं. तेही ते लपवत नाहीत. संतांची वचनं मात्र त्यांनी विश्वासाने, आदराने पाठ केली.

मला धीर येतो तो इथे. ज्याची गाथा आपण मांडवात उघडतो, तो माणूसही संकटात दुसऱ्यांच्या पोथ्यांकडेच गेला होता, आणि लगेच मन लागलं नाही म्हणून परतला नाही. पाया त्याने ज्ञानोबा, नामदेव, एकनाथांचा घेतला. देवाशी भांडणारे, त्याला थेट जाब विचारणारे अभंगही याच गाथेत आहेत. ते सप्ताहात क्वचित ऐकू येतात. ऐकणाऱ्यांना ते नकोत, असं कोणी ठरवलं कोण जाणे!

‘बरं झालं’ हे तुकोबा स्वतःच्या दिवाळ्याबद्दल बोलले, शेजाऱ्याच्या नाही. सगळं गमावून, त्यातून वर आल्यावर ते शब्द त्यांच्या तोंडून आले. दिवाळीनंतर कारखाना उघडेल की नाही हे माहीत नसलेल्या कारागिराला तेच शब्द व्यासपीठावरून ऐकवणं म्हणजे त्याच्या वतीने आपणच देवाचे आभार मानून मोकळं होणं. महाराज, तो अभंग जरूर घ्या, पण शेवटच्या दिवशी. पहिल्या रात्री देहूच्या वाण्याची हकीकत सांगा, अन्न मागत मेलेल्या त्या बाईसकट.