कार्ड मजल्यापुरते, काम मात्र अनेक मजल्यांचे

आंबेगाव तालुक्यातील निरगुडसर हे दिलीप वळसे पाटील यांचे गाव. ते २०२१-२२ मध्ये राज्याचे गृहमंत्री होते आणि मंत्रालयाची सुरक्षा याच विभागाच्या अखत्यारीत येते. मात्र निरगुडसरच्या शेतकऱ्याला मंत्रालयात जायचे झाल्यास त्याच्यासाठी नियम इतरांप्रमाणेच आहेत, आणि ते २०२५ मध्ये बदलले.

त्या वर्षाच्या प्रारंभी मंत्रालयात चेहरा ओळखणारी यंत्रणा सुरू झाली. पुढे अभ्यागतांसाठी 'डिजिप्रवेश' ॲपवरील नोंदणी आवश्यक ठरविण्यात आली. अभ्यागताला मिळणारे आरएफआयडी कार्ड संबंधित विभागाच्या मजल्यापुरतेच चालते. स्मार्टफोन नसलेल्यांसाठी प्रवेशद्वारावर खिडकीची सोय ठेवण्यात आली.

या कडक व्यवस्थेमागे कारणे आहेत. आत्महत्येच्या प्रयत्नांमुळे २०१८ मध्ये मंत्रालयाच्या चौकात जाळी बसवावी लागली. विनाकारण वावरणाऱ्यांची गर्दी हाही जुना प्रश्न. कार्डामुळे कोण आत आले आणि कोण बाहेर पडले, याची नोंद राहते. कागदी पासाच्या तुलनेत ही सुधारणाच म्हणावी लागेल.

अडचण निराळीच आहे. सरकारी काम एका मजल्यावर क्वचितच संपते. महसूल विभागाचे प्रकरण अभिप्रायासाठी वित्त अथवा विधी व न्याय विभागाकडे जाते. 'फाइल तिकडे गेली आहे' हे उत्तर मिळाल्यावर मजल्यापुरते कार्ड निरुपयोगी ठरते. मुंबईतील नागरिक दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊ शकतो. निरगुडसरच्या माणसाचा मात्र आणखी एक दिवस आणि प्रवासखर्च वाया जातो.

यावर उपाय कठीण नाही. ज्या विभागात काम सुरू झाले, तेथील अधिकाऱ्यानेच त्याच कार्डावर पुढील मजल्याची परवानगी देण्याची सोय हवी. नोंदणीसाठी 'आपले सरकार' सेवा केंद्रांचा उपयोग केल्यास प्रवेशद्वारावरील खिडकीवरचा भारही हलका होईल. जमा होणारी छायाचित्रे व ओळखीचा तपशील किती काळ जपला जाणार, हेही जाहीर व्हावे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्येच संमत झाला आहे.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे या माणसाला मंत्रालयापर्यंत यावेच का लागते? सेवा ठराविक मुदतीत देण्याचे बंधन घालणारा लोकसेवा हक्क कायदा राज्यात २०१५ पासून आहे. घोडेगावच्या तहसील कार्यालयात आणि पुण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात कामे वेळेत झाली, तर मंत्रालयाच्या प्रवेशद्वारावरील रांग कार्डाविनाही घटेल.