गाण्यात एम.ए.? जरूर करू द्या!



मागल्या रविवारी वंदना आटोपल्यावर चिखलीतले एक बंधू भेटले. कंपनीत मशीनवर उभे राहून त्यांनी मुलीला बी.ए. केले. भीमजयंतीला पेटी घेऊन गाणारी ती मुलगी आता म्हणते, गाण्यातच एम.ए. करणार. "गाण्याने पोट भरतं का, साहेब?" बापाचा सवाल.

सवाल खोटा नाही. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) गावोगाव गायले, वस्त्या जाग्या केल्या. पण त्यांना शाळाही मिळाली नव्हती. आज आपल्या मुलांना विद्यापीठाचे दार उघडे आहे. गणेशखिंडीत पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र आहे. तिथे संगीतात एम.ए. होते. मात्र नुसत्या मार्कांवर भागत नाही, गळा तयार लागतो. जयंतीची गाणी येतात म्हणजे राग-ताल आला असे नाही. गुरूकडे बसून रोजचा रियाज हवा.

एम.ए.नंतर संगीतात नेट पास झाल्यास कॉलेजात प्राध्यापकीसाठी अर्ज करता येतो. नोकरीची हमी कोणी देत नाही, ती बी.कॉम.लाही नसते! १९९० च्या कायदादुरुस्तीने अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांना लागू झाल्या. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती पदव्युत्तर शिक्षणालाही आहे. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा.

घटना लिहिणाऱ्या बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते. मग आपल्या लेकीला का अडवायचे? बंधूंना एवढेच सांगितले, प्रवेशाच्या दिवशी रजा टाका आणि तिच्यासोबत जा.

जयभीम!